झाकलेलं भिंग

मित्रांनो, मी एक जुना, दोन भिंगांचा कॅमेरा आहे. चोउ आजींचं पत्र आलं, त्याला सहा वर्षं झाली. माझे मालक लेई मास्तर यांनी ते मोठ्याने वाचलं, घडी घातली आणि एका जाड पुस्तकात ठेवून दिलं. उत्तर दिलं नाही. लाज मलाही वाटत होती.

शांघायच्या कारखान्यात मी घडलो. सुट्टी लागली की मास्तर मला गळ्यात अडकवून फूजियानच्या डोंगरांतले छपराचे लाकडी पूल टिपायला निघत. वरच्या भिंगातून ते पाहत, खालच्या भिंगातून मी फिल्मवर चित्र उमटवी. मास्तरांना पूल रिकामा लागे. माणूस दिसला की ते थांबून राहत.

एकदा ताओशी गावच्या पुलावर धुकं विरत होतं. फिल्मवर एकच फोटो उरला होता आणि बाकावर म्हातारे मावगन सुतार बसले होते.

"आजोबा, जरा बाजूला होता का?"

"वा रे मास्तर! हा पूल मी बांधला, वर तुळईवर शाईनं माझं नाव लिहिलंय, अन् फोटोत मीच नको?"

त्यांची बायको, म्हणजे चोउ आजी, पुलावरच्या देवाला उदबत्ती लावत होत्या. त्या म्हणाल्या, "काढा हो एक यांचाही. अहो, टोपी काढा आधी! टक्कल तरी चमकू दे."

मावगन टोपी काढून, श्वास रोखून ताठ बसले. मास्तरांनी माझ्या खालच्या भिंगावर तळहात धरला आणि कळ दाबली. खट्! वरच्या भिंगातून मी त्यांना नीट पाहिलं. फिल्मला मात्र दाखवलं नाही. म्हातारा खुशीत उठून गेला. मग फिल्मच्या त्याच कोऱ्या राहिलेल्या जागेवर रिकाम्या पुलाचा फोटो निघाला. त्याला बक्षीसही मिळालं.

पत्रात आजींनी लिहिलं होतं, "हे गेले. यांचा दुसरा फोटो नाही. घरात पूर्वजांच्या पूजेच्या ओट्यावर रिकामी चौकट मांडून ठेवलीय. तुम्ही काढलेला तेवढा पाठवा."

पुढे मास्तरांची नजर अधू झाली, मी कपाटात गेलो. गेल्या महिन्यात तालुक्याच्या गावी त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं. शोभेला मलाही टेबलावर ठेवलं होतं. भाजीची टोपली घेतलेली एक बाई बक्षिसाच्या फोटोपुढे थांबली.

"काय हो, गावात साथ आली होती का? आमच्या पुलावर तर बसायला जागा मिळत नाही!"

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत.

घरी येऊन त्यांनी लिहिलं आणि हळू आवाजात वाचलं, "आजी, तो फोटो निघालाच नाही. मी भिंगावर हात धरला होता. क्षमा मागायला तोंड नाही. त्यांचा चेहरा मला आठवतो. कोळशाने चित्र काढणारा एकजण ओळखीचा आहे. तुम्ही या म्हणालात, तर त्याला घेऊन येतो."

मित्रांनो, आमची भिंगं पुसा, आम्हाला ओलीपासून जपा. पण कुणी तुमच्यापुढे आशेने बसलं, तर खोटी कळ दाबू नका.

सकाळी मास्तर मला गळ्यात घालून टपालपेटीपाशी गेले. बराच वेळ पाकीट हातातच राहिलं. मग त्यांनी ते आत सोडलं.