गाण्याच्या रंगाचा मेकअप

अमेरिकेतल्या हर्नडनच्या मराठी मंडळाने यंदा गणपतीत पुरोगामी व्हायचं ठरवलं. एका कृष्णवर्णीय गायिकेचा गाण्यांच्या व्हिडिओंचा अल्बम गाजत होता. आफ्रिकेतले पूर्वज, काळी कांती, सगळ्याचा त्यात थाटात गौरव होता. त्यातल्या एका गाण्यावर नाच बसवला हिमानीने. मंडळात सगळ्यात काळीसावळी तीच. ते गाणं पाहिल्यापासून ती फोटोत मागच्या रांगेत लपायची थांबली होती.

मेकअप शोभाकाकूंकडे होता. त्यांनी हिमानीच्या गालांवर फाउंडेशनचा तिसरा थर चढवला.

"काकू, धिस इज नॉट माय कलर!"

"अगं, लाइटमध्ये काळी दिसशील. फोटो पुण्याला जातात."

"पण गाणंच त्याबद्दल आहे ना!"

"गाणं त्यांचं गं. आपण का तसे आहोत?" काकू लाडाने म्हणाल्या.

हिमानीने आईकडे पाहिलं. आई काकूंना म्हणाली, "मानेलाही लावा हं."

नाचाला वन्स मोअर मिळाला. अध्यक्ष वर्णद्वेषाविरुद्ध बोलले आणि गहिवरले. पुण्याहून आजीचा मेसेज आला, "पोर किती उजळली गं!" आईने तो चारचौघांत वाचून दाखवला.

सगळे हिमानीकडे कौतुकाने बघत होते. असं आजवर कुणी बघितलं नव्हतं.

"काकू," तिने हळूच विचारलं, "शेड कुठली होती?"