दोम्निकाचा क्रूस

“काका, आता काय ते एकदा सांगून टाका. मला अजून दोन गावं करायची आहेत,” दगडावर छिन्नी टेकवून नेकुलाय म्हणाला.

ट्रिफॉनने मुलाकडे पाहिलं, मग मुलीकडे. दोघांनी दोन दिशांना तोंडं फिरवली होती. उद्या मेलेल्यांचा ईस्टर. सगळं गाव जेवण घेऊन कबरस्तानात येणार, आणि दोम्निकाचा दगडी क्रूस अजून कोराच. बायको जाऊन वर्ष झालं तरी नुसत्या लाकडी फळीवर भागवलं होतं. एवढं एक काम उद्याच्या आत व्हावं म्हणून म्हातारा कालपासून घरातून अंगणात आणि अंगणातून घरात येरझाऱ्या घालत होता.

“नाव रशियन अक्षरांत कोरायचं,” वालेरिउ म्हणाला. मॉस्कोत इमारती बांधण्यात त्याची पंधरा वर्षं गेली होती. “आई शाळेत तेच शिकली. मला पत्रं पाठवायची ती त्याच अक्षरांत.”

“आणि माझ्याबरोबर स्वयंपाकघरात बसून लॅटिन अक्षरं कोण गिरवायचं? तुझी सासू?” लिलिया युरोपातून, पादुआहून आली होती, तिथे ती एका आजारी म्हातारीची सेवा करायची. “आपली भाषा आपल्या अक्षरांत लिहायची म्हणून लोक रस्त्यावर उतरले होते, दादा. तू तेव्हा सिगारेटी फुंकत होतास.”

“तुम्हाला युरोपचं कुंकू लावायची फार घाई. रशियाने गॅस बंद केला की या मग माझ्याकडे.”

“आलो नाही अजून. थंडीत कुडकुडलो, पण आलो नाही.”

देशाने युरोपबरोबर जायचं की नाही यावर शरद ऋतूत मतदान झालं तेव्हापासून हे असंच चाललं होतं. फोनवर आधी तब्येत, मग हवामान, आणि तिसऱ्या वाक्याला भांडण. दोम्निका असती तर दोघांच्या पुढ्यात ताटं आदळून म्हणाली असती, गिळा आधी. ट्रिफॉनला ते जमत नव्हतं. जन्मभर त्याने गावचे पाण्याचे पंप दुरुस्त केले. बिघाड कुठे आहे ते कळलं की त्याला हायसं वाटायचं. इथे बिघाड कुठे आहे ते त्याला चांगलं कळत होतं, पण हात घालायला जागाच नव्हती.

नेकुलायने तोड काढली. “एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते. कोर्जाच्या घरच्यांनी असंच केलंय.”

दोघांची तोंडं दगडाकडे वळली. ट्रिफॉनचा जीव भांड्यात पडला.

“रस्त्याच्या बाजूला कुठलं?” वालेरिउने विचारलं.

झालं. पुन्हा जुंपली. लिलिया रडत रडत भांडत होती, वालेरिउ ओरडत होता, शेजारची बाई कुंपणापाशी उगाच कोंबड्यांना दाणे टाकत उभी होती. नेकुलायने मुकाट्याने हत्यारं पिशवीत भरली.

“असाच उभा कर,” ट्रिफॉन म्हणाला.

“कोरा?”

“कोरा.”

दुसऱ्या दिवशी कबरींवर टेबलक्लॉथ पसरले गेले. लाल अंडी, कोबीच्या पानातले भाताचे मुटके, घरची वाइन. लिलियाने पावात मेणबत्ती खोचली, वालेरिउने ती पेटवली. मग दोघं कबरीच्या दोन टोकांना जाऊन उभी राहिली. येणारेजाणारे क्रूसाकडे बघत आणि पटकन नजर वळवत. ट्रिफॉनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण भित्रे, म्हणून हिच्या माथी हे आलं, असं त्याला वाटत राहिलं.

पाद्रीबाबा एकेक क्रूस वाचत, नाव घेऊन प्रार्थना म्हणत पुढे सरकत होते. ते नवीन होते, गावात येऊन महिनाही झाला नव्हता. कोऱ्या दगडापाशी येऊन ते थबकले.

“कोणासाठी म्हणू?”

लिलियाने भावाकडे पाहिलं. वालेरिउने बहिणीकडे पाहिलं. आधी कोणी बोलायचं यावरूनही जणू दोघांचं अडलं होतं. शेवटी दोघांनीही बापाकडे पाहिलं.

लग्नानंतर म्हाताऱ्याने बायकोला कधी नावाने हाक मारलीच नव्हती. अगं, ए, ऐकलंस का, यातच सगळा संसार झाला होता. दवाखान्यात शेवटच्या रात्रीसुद्धा तो ‘अगं’च म्हणाला होता. त्याने टोपी काढली.

“दोम्निका,” तो म्हणाला.

आवाज इतका खोल गेला होता की पाद्रीबाबांनी कानाला हात लावला.

“जरा मोठ्याने सांगा, बाबा.”