एक जूनच्या मुली

आमच्या गावच्या मुलींच्या शाळेत सगळ्या मुली एक जूनला जन्मल्या. हसू नका. माझ्या हातचं जनरल रजिस्टर उघडून बघा, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जन्मतारखेच्या रकान्यात एक जून, एक जून, एक जून. आईबापाला तारीख विचारली की उत्तर मिळायचं, "मोठ्या पुराच्या साली", नाहीतर "कपिली गाय व्याली तवा". त्यातून तारीख काढायची ती मास्तरांनी. शाळा जूनमध्ये भरते म्हणून सगळे मास्तर एक जून घालतात, मीही घालत होते. पण मी सालसुद्धा माझ्या मनानं घालत होते. प्रत्येक मुलीच्या वयात मी दोन वर्षं वाढवीत होते.

याला कुणी लबाडी म्हणेल. म्हणोत. मी सांगलीची. सातवीची परीक्षा तेराव्या वर्षी पास झाले, केंद्रात पहिली आले. मास्तरणीच्या ट्रेनिंगला तेव्हा सोळा पुरी झाल्याशिवाय घेत नव्हते. वडील म्हणाले, तीन वर्षं घरी बसून काय करशील? मला जतकडे दिली. पाण्याला दोन मैल जायचं, घरात बोलणं कानडी, आणि मूल होईना म्हणून सहाव्या वर्षी सवत आली. मी ट्रंक उचलून माहेरी परत आले. ट्रेनिंगला गेले तेव्हा वर्गातल्या मुली मला मावशी म्हणत होत्या. त्या तीन वर्षांनी माझं आयुष्य खाल्लं, असं मी अजूनही म्हणते आणि माझा राग अजूनही गेलेला नाही.

म्हणून कऱ्हाडजवळच्या या गावात चौथीपर्यंतची शाळा हातात आली तेव्हाच मी ठरवलं होतं. दरवर्षी एक इयत्ता वाढवायची, सातवीपर्यंत न्यायची. माझ्या मुली चौदाव्या वर्षी सातवी होतील तेव्हा कागदावर सोळा पुरी असतील, म्हणजे घरी बसायचं नाही, सरळ ट्रेनिंग. आणि मी? मला स्कूल बोर्डाच्या कचेरीत खुर्ची हवी होती. मुलींच्या शाळांची सुपरवायझर. आमच्या भागात तोवर बाई सुपरवायझर मी तरी पाहिली नव्हती. माझी एक मुलगी ट्रेनिंगला गेली की ती खुर्ची माझी, हे मला चांगलं कळत होतं. फक्त मुलींसाठी केलं असं म्हणाले तर ते खोटं होईल.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी घरोघर जायची. कुणाच्या आईला पटवायचं, कुणाच्या आजीला, कोणती पोर शिवणात चांगली, कोणती हिशेबात, कुणाला पुढं काय करता येईल. गावात माझं नाव पडलं होतं सल्लेवाली बाई. पाठीमागून हसत होते, पण पोरी पाठवत होते.

तानू आली ती अडतीस सालच्या जूनमध्ये. पोलीस पाटील हंबीररावांची नात. बाप मानसिंग फौजेत, म्हणून आई साळूबाई तिला घेऊन आली होती. डोईवरचा पदर दातात धरून ती म्हणाली, "सा वर्साची हाय, बाई. नागपंचमीच्या आदल्या दिशी झालीया, माज्या चांगलं ध्येनात हाय."

"आठ," मी म्हणाले.

"सा वो. मी आई हाय तिची."

"तुला कळतंय की मला?" मी दरडावलं आणि लिहिलं, एक जून एकोणीसशे तीस. शिकलेल्या बाईपुढं साळूबाई आणखी काय बोलणार होती? जाताना तिनं रजिस्टरलासुद्धा नमस्कार केला.

पहिलं वर्ष बिगरीत धरून चव्वेचाळीस साली तानू सहावीत होती. सहावीत सात मुली होत्या आणि तानू त्या सातांत पहिली. तोंडी हिशेब मी फळ्यावर लिहून संपवायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं. पहिलीच्या पोरींना ती पाढे घ्यायची तेव्हा मी बाहेरच्या पायरीवर उभी राहून ऐकत असे. छडी न घेता ती वर्ग गप्प बसवत होती. मला ते अजूनही जमत नाही.

पौषात हंबीरराव स्वतः शाळेत आले. पटका, काठी, कडक मिशा. त्यांना बघून मुली आपसूक उभ्या राहिल्या.

"बाई, तानूचा दाखला पायजे हुता. जल्माचा."

"कशाला, पाटील?"

"सोयरीक जमलीया. मलकापूरचं स्थळ हाय. पोरगा फौजेत, बागायत हाय, ऊस हाय. माघाच्या शेवटाला त्येची रजा संपती, त्येच्या आत उरकायचं."

मी हातातला खडू टेबलावर ठेवला. "पाटील, ती लहान आहे. शारदा कायदा आहे. चौदा पुरी लागतात."

"त्येच्यासाठीच आलोय," ते शांतपणे म्हणाले. "मी सरकारी माणूस. भावकी टपून बसलीया कवा मी घावतोय म्हणून. इंग्रजाला कागुद दावाय पायजे, आन रानातल्या पत्रीसरकारच्या भूमिगत पोरांनाबी दावाय पायजे. दोन्ही सरकारांस्नी. तुमच्या पुस्तकात चवदा हायती न्हवं?"

मी रजिस्टर उघडलं. उघडायची गरज नव्हती. चौदा वर्षं सात महिने. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. दाखला मागितला की द्यावा लागतो, तसा नियम आहे. तरी मी शिक्का सापडत नाही असं सांगून त्यांना चार दिवसांनी यायला सांगितलं. शिक्का टेबलावरच होता आणि तो त्यांना दिसतही होता. ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी साळूबाई आली. आली ती थेट माझ्या पायाशी बसली.

"बाई, बारा हायती वो तिला. अजून न्हाण न्हाई आलं पोरीला. तुमी सांगा मामंजींस्नी. तुमचं ऐकत्याल."

"मी काय सांगू, साळूबाई?"

"खरं सांगा. तवा मी म्हनत हुते सा. तुमीच म्हनालासा आठ." ती भांडत नव्हती, रडतही नव्हती. नुसतं सांगत होती. मला वाटलं, हिनं माझ्या झिंज्या धरल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी रजा टाकली आणि मोटारीनं साताऱ्याला गेले. शाळा तपासणारे डिपोटीसाहेब माझ्यावर मेहेरबान होते. पुढच्या वर्षीच्या सातवीची मंजुरी त्यांनीच काढून दिली होती. मला बघताच ते हसले. "या बाई. तुमचंच नाव आहे कागदावर. सुपरवायझरच्या जागेसाठी मी शिफारस केलीय. तुमच्यासारखं स्वच्छ रजिस्टर जिल्ह्यात नाही."

मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. तानू, मलकापूर, साळूबाई, दोन वर्षं.

साहेबांनी चष्मा काढला. "चुकून लिहिलंत ना? घाईत?"

"नाही साहेब. मुद्दाम. सगळ्यांच्याच."

ते उठून दारापर्यंत गेले. मग दार लोटून घेतलं. "बाई, हे मी ऐकलेलं नाही. तुम्ही लेखी दिलंत तर मला तुम्हाला घरी बसवावं लागेल, रजिस्टर जप्त करावं लागेल आणि चौकशी लावावी लागेल. चौकशी उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत चालेल. लग्न कधी आहे?"

"माघात."

"मग उपयोग काय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. "एकच वाट आहे. गावच्या जन्माच्या नोंदीचा उतारा आणा. त्यात वय कमी निघालं तर मी आजच्या आज कलेक्टर कचेरीला लिहितो."

"ती नोंद कोण ठेवतं, साहेब?" मला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"गावचा पोलीस पाटील," ते म्हणाले, आणि मग त्यांच्याही ध्यानात आलं. त्यांनी चष्मा परत लावला.

परतताना मोटारीत माझ्या डोळ्याला पाणी आलं नाही. मी सारखी एकच बेरीज करत होते, बारा आणि दोन, बारा आणि दोन.

तशीच मी पाटलांच्या सोप्यात गेले. हंबीरराव घोंगड्यावर बसून पोस्टातली जुनी पत्रं चाळत होते. त्यांना वाचता येत होतं, पण ते वाचत नव्हते, नुसती उलटीपालटी करत होते. मी उतारा मागितला. वाटलं होतं, नोंदच नाही म्हणतील, वाळवी लागली म्हणतील. ते उठले, दप्तर आणलं, पान काढून माझ्यापुढं धरलं. सन बत्तीस, श्रावण शुद्ध चतुर्थी, मानसिंग हंबीरराव पाटील यांस मुलगी. अक्षर त्यांचंच.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हणाले.

"मीच लिवलंय, मला ठावं नसंल व्हय?"

"मग अडतीस साली गप्प का बसलात?"

"तवा तुमचा डाव चांगला वाटला. म्हटलं, बाई पोरीला शिकवाय निघाल्याती, आपून कशाला मोडता घाला." त्यांनी दप्तर बांधून मांडीखाली घेतलं. "बाई, मानसिंगचं पत्र न्हाई. पाच म्हयनं झालं. इटलीत हाय म्हनत्यात. तार कवा बी येती बघा. तार आली की वरीसभर सुतक, मग बापाबिगर पोर, मग कोन करतंय? म्या किती दिस पुरनार? येळ आली तवा माज्या हाताशी दोन कागुद हुतं. माजा खरा, आन तुमचा कामाचा."

"मी लिहून देईन. खोटं लिहिलं म्हणून, सहीनिशी."

"द्या की." ते पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघत म्हणाले. "मग पटावरच्या साठ पोरींचं सगळंच खोटं. त्या सा जनी दोन वर्सानं ट्रेनिंगाला जायच्या, त्या बी गेल्या. तुमी बी गेला. साळा बी गेली. आन तानूचं लगीन माघात हुतंयच. करा इचार."

माजघराच्या दाराआड साळूबाई उभी होती. तिच्या बांगड्या वाजल्या. मी तिकडं बघितलं नाही. माझी बघायची छाती झाली नाही.

सहा मुली एका बाजूला आणि एक मुलगी दुसऱ्या बाजूला, असं मी रात्रभर मांडून बघितलं नाही, कारण मांडायला काही उरलंच नव्हतं. लिहून दिलं तरी तानू जात होती, नाही दिलं तरी जात होती. एवढी वर्षं घरोघर फिरून लोकांना सल्ले दिले, आणि आता मला सल्ला द्यायला कुणी नव्हतं. सकाळी मी दाखला लिहिला, शिक्का मारला, सही केली. हंबीररावांनी तो कपाळाला लावून पटक्यात खोचला.

त्या आठवड्यात आणखी दोघेजण आले. भाऊसो आणि कोंडीबा. दोघांच्याही मुली पाचवीत. आधी तब्येत विचारली, मग उसाचं बोलले, मग डोकं खाजवत भाऊसो म्हणाला, "बाई, आमच्या पोरींचंबी वय तुमी वाढीवच धरलं असंल न्हवं? पाटलांचं काम झालं म्हनं." त्यांना वाटत होतं, ही सोय मी गावासाठीच करून ठेवलीय. ते मला दुवा देत होते.

त्याच टपालानं बोर्डाचा हुकूम आला. एक एप्रिलपासून सुपरवायझर म्हणून रुजू व्हावे. तो कागद मी रजिस्टरमध्येच ठेवला.

हळद लागायच्या आदल्या दिवशी तानू शाळेत आली. नवं लुगडं नेसवलं होतं, ते तिला आवरत नव्हतं, एका हातानं निऱ्या धरून ती पायऱ्या चढली. भूगोलाचं पुस्तक तिच्याकडं राहिलं होतं, ते परत करायला आली होती. जुन्या वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, एकही पान दुमडलेलं नाही.

मी रजिस्टर काढलं. मुलगी शाळा सोडते तेव्हा शेवटचे रकाने भरावे लागतात. शाळा सोडल्याची तारीख. इयत्ता. प्रगती. मी लिहिलं, उत्तम. कारण. मी लिहिलं, विवाह. ती टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून बघत होती, पहिलीत असताना बघायची तशीच. मग तिचं बोट सरकत जन्मतारखेच्या रकान्यावर गेलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. हिशेब घातला की पडायची तीच.

"बाई," ती म्हणाली, "आई म्हनती बारा. ह्यात चवदा येत्यात. सासरी कुनी इचारलं तर मी किती सांगू?"

तिचा हिशेब आजवर कधी चुकला नव्हता. उत्तरासाठी ती माझ्या तोंडाकडं बघत उभी होती.

"चौदा सांग," मी म्हणाले.

"चवदा," ती म्हणाली, आणि पाठ करायचं असलं की करायची तसं तिनं ते दोनदा पुटपुटलं. मग वाकून मला नमस्कार केला, निऱ्या धरल्या आणि पायऱ्या उतरून गेली.