खोकला थांबवणारं तीर्थ

दांडी गावात बोंबील सुकवायच्या मांडवाखाली त्या मंगळवारी बोंबलांपेक्षा माणसंच जास्त होती. अर्धा गाव खोकत रांगेत उभा होता. पुढे भगवं कापड टाकलेल्या टेबलामागे दर्यानाथ महाराज बसले होते, हातात तांब्याचा कलश आणि पळी.

"खोकला म्हणजे काय? दर्याचं खारं वारं छातीत घर करून बसतं! डॉक्टर काय करतो? छातीला नळी लावतो. अरे, नळीतून कधी वारं निघालंय? आमचं तीर्थ घ्या, वारं गुमान बाहेर!"

आणि खोकला थांबायचा, हीच तर पंचाईत! होडीवर जाणारा नवशा दोन महिने खोकत होता. दोन पळ्या पोटात गेल्या आणि अर्ध्या तासात तो गप्प. डोळे अर्धे मिटून, गालात हसत सावलीत बसला. "दर्यादेवानं छातीवर हात ठेवला!" कुणीतरी ओरडलं. सगळ्यांनी हात जोडले.

मी मागे रजिस्टर घेऊन उभी. मी सपना, इथल्या उपकेंद्रातली आरोग्यसेविका. थुंकी तपासायला नवशाला मी तीनदा डबी दिली होती. तिच्यात तो चुना ठेवायचा.

"आता कशाला थुंकी, सिस्टर? खोकलाच नाय राहिला."

"खोकला थांबला म्हणजे आजार गेला का?"

"तुमाला देवाचं बघवत नाय," असं म्हणून त्यानं तोंड फिरवलं.

मंजुळाकाकी चार वर्षांच्या नातीसाठी, रिद्धीसाठी, छोटी बाटली भरून घेत होत्या. पोरीची आई बोईसरला कारखान्यात कामाला, त्यामुळे रिद्धी दिवसभर काकींकडेच. "काकी, पोरीला साधी सर्दी आहे. आत काय आहे ते माहीत नाही, असलं काही पाजू नका," मी म्हटलं.

"अगो बाय, तीर्थ हाय ते. इख नाय."

गुरुवारी अकराच्या सुमारास त्याच काकी रिद्धीला खांद्यावर टाकून धावत उपकेंद्रात आल्या. "सिस्टर, पोर उठत नाय गो!"

पोरीचे ओठ निळसर पडले होते. मी घड्याळ धरून श्वास मोजले. मिनिटाला आठ! या वयात वीसच्या वर हवेत. पापणी उघडून पाहिलं, तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

"किती पाजलंत?"

"सकाळी दोन चमचे. परत खोकली म्हणून अजून दोन."

मासळीचा टेम्पो निघायच्या तयारीत होता, त्यातच बसलो. बोईसरपर्यंत मी रिद्धीची हनुवटी वर धरून श्वास मोजत होते. एक श्वास झाला की दुसरा येईपर्यंत माझाच जीव जायचा.

दवाखान्यात डॉक्टर रूपल यांनी डोळ्यांत टॉर्च मारला आणि लगेच उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. काही मिनिटांत रिद्धीनं डोळे उघडून भोकाड पसरलं. काकी खाटेचा पाय धरून खालीच बसल्या.

काकींनी सोबत आणलेल्या बाटलीतलं तीर्थ डॉक्टरांनी हुंगलं. "वरून तुळस-लवंग. खाली मात्र खोकल्याचं औषध दिसतंय. काही औषधांत कोडीन असतं, अफूच्या जातीचं. ते मेंदूत खोकल्याची ढास दाबतं. जास्त झालं की श्वासही दाबतं. लहान मुलांना ते द्यायचंच नसतं."

रिद्धीला दोन दिवस तिथंच ठेवलं. मी पोलिसांना कळवलं. महाराज दर मंगळवारीच गावात यायचे.

पुढच्या मंगळवारी पोलीस यायच्या आधीच काकी रांगेत सगळ्यांच्या पुढे. "महाराज, आज तुमी प्या. अख्खा कलश."

"आमचा उपास आहे, माई."

"तीर्थानं उपास मोडत नाय. प्या!"

लोक हसले. महाराजांनी कलश मागे ओढला. काकींनी टेबलावरचं कापड ओढलं. खाली खोकं होतं, खोक्यात तपकिरी बाटल्या. लेबलं खरवडलेली, एकच शाबूत राहिलेलं. त्यावरची लाल चौकटीतली सूचना मी मोठ्यानं वाचली: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. महाराज उठून चालू लागले, पण बायकांनी वाट अडवून धरली. पोलिसांनी त्यांना खोक्यासकट नेलं.

वाटलं, आता तरी गावाचे डोळे उघडतील. तेवढ्यात नवशा जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सिस्टर, त्या औषधाचं नाव काय? दुकानात मिळंल ना?" आणखी दोघींनी कान टवकारले.

कपाळावर हात मारून घ्यावा की त्याच्या कानाखाली द्यावी, मला कळेना. मी ओरडले, "पोर मरता मरता वाचलं, आणि तुला नाव हवंय?" काकींनी त्याचा दंड धरला आणि त्याला माझ्यासोबत उपकेंद्रात आणलं. या वेळी डबीत थुंकी आली. चार दिवसांनी अहवाल आला: क्षयरोग. तीर्थानं ढास दाबली होती, रोग आत वाढतच होता. होडीवरच्या चौघांनाही तपासायला लागलं. नवशाचे उपचार चालू आहेत, वजन वाढतंय.

पण आजही दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच, "शेजारणीकडं उरलेली बाटली हाय, पोराला देऊ?" नको! मोठ्यांचं औषध पोराला नको, एकाचं दुसऱ्याला नको, झोप लागते म्हणून तर मुळीच नको. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर थुंकी तपासा. आणि चमचा एखाद्या महाराजानं दिलेला असो की शेजारणीनं, तोंडाशी नेण्याआधी विचारा, यात काय आहे? देणाऱ्याला सांगता येत नसेल, तर चमचा खाली ठेवा.