आतून सजवलेली शेड

बैठकीच्या खोलीतल्या दिव्याची शेड पांढरीफटक होती, दवाखान्यात शोभेल अशी. मी शिवणकाम करते. कात्री हातात घ्यायला मला कुणाची परवानगी लागत नाही. दुपारी शेड काढली, काळ्या कागदाच्या आकृत्या कातरल्या आणि आतल्या बाजूने चिकटवून शेड पुन्हा जागेवर बसवली.

चहाला नणंदबाई आल्या. दिव्याभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "दुपारभर खपून केलंस काय? होती तशीच तर आहे!"

"आतून सजवलीय, ताई. अंधार पडू द्या."

"आतून? सजावट कधी आतून करतात का गं?" मग त्यांनी भावाला सुनावलं, "बायकोला समजाव जरा." माझा नवरा शहाणा. त्याने कपातून तोंड वर काढलंच नाही.

दिवेलागणीला मी बटण दाबलं आणि शेडवर अख्खं घर उमटलं. खुर्चीत पोट सावरून बसलेले सासरे, वर्तमानपत्रात बुडालेला नवरा, शिलाई मशीनवर वाकलेली मी. सासरे स्वतःचं पोट बघून खो खो हसले.

चौथी आकृती उभी होती. डोक्यावर अंबाडा, एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताचं बोट समोर रोखलेलं.

नणंदबाई ताडकन उठल्या. एक हात कमरेवर ठेवून त्यांनी आकृतीवर बोट रोखलं. "आणि ही कोण?"

उत्तर द्यायची गरज कुणालाच पडली नाही. बोट खाली घ्यावं की तसंच ठेवावं, हे मात्र त्यांना बराच वेळ ठरवता येईना.