पुलाचा तिसरा खांब

"नदीला सरहद्द नसते," असं युलोहिओमामांनी प्वेब्लोच्या, म्हणजे नदीकाठच्या त्यांच्या मूळनिवासी वस्तीच्या, सभेत टेबलावर हात आपटून जाहीर केलं. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर कुणीतरी विचारलं की मग आपला नियम लागू कुठून होतो?

"पुलाच्या तिसऱ्या खांबापासून," मामा म्हणाले.

तेही खरंच होतं. खांबाच्या वरच्या अंगाला रिओ ग्रांदे नदी राज्य सरकारची, खालच्या अंगाला प्वेब्लोची. राज्याच्या नियमात पाणी मासे जगण्यापुरतं चांगलं असलं की पुरे. प्वेब्लोच्या नियमात ते ओंजळीनं पिता आलं पाहिजे, कारण त्यांच्या विधींत ते खरोखर पितात. केंद्र सरकारनं हा नियम मान्य केला आणि वरच्या शहरावर सांडपाण्याचा नवा प्रकल्प बांधायची पाळी आली. शहरानं आधी वकील केला.

प्वेब्लोच्या वतीनं पाणी तपासायची ती मामांची भाची डेल्फिना. या नियमावरची सुनावणी तोंडावर आली आणि तिच्या बाटल्या वेड्यासारख्या वागू लागल्या. राज्याचा माणूस वॉरन खांबाच्या वर बाटली भरायचा, ती खाली. तिच्या बाटलीत जंतू कितीतरी पट जास्त. शहराचा वकील काय म्हणणार ते उघड होतं: घाण तुमच्याच घरातली, आमच्यावर कशाला ढकलता? नियम गेला असता, आणि त्याच्याबरोबर ओंजळही.

"आमच्याकडे नदी बरी असते हो," वॉरन म्हणाला. "सासर मानवत नसेल तिला."

"माहेरचं वळण दिसतंय," डेल्फिना म्हणाली.

त्यांनी बाटल्या बदलून पाहिल्या, प्रयोगशाळाही बदलून पाहिली. फरक पडेना. दोन पावलांत नदीला होतं तरी काय, हे कोडं डेल्फिनाला जेवू देईना. शेवटी एका पहाटे ती वॉरनच्या गाडीत बसून खांबावर नजर ठेवून राहिली. वॉरनही थांबला, त्यालाही चैन पडत नव्हतं.

उजाडताना मामा आले. रोजच्यासारखी चिमूटभर मक्याच्या पिठाची भेट त्यांनी नदीला दिली आणि पुटपुटत क्षणभर उभे राहिले. डेल्फिनानं नजर खाली वळवली. त्या वेळी बघत बसायचं नसतं. वर पाहिलं तेव्हा मामांच्या हातात भट्टीतला अख्खा पाव होता आणि सगळ्या नदीतली रानबदकं खांबाखाली गोळा झाली होती. खात होती, आणि खाल्ल्यावर जे करायचं तेही तिथल्या तिथे करत होती.

डेल्फिना गाडीतून उतरली.

"मामा, पीठ नदीचं. पाव कुणाचा?"

"यांचा. तुझी मामी गेल्यापासून अख्खा पाव मला संपत नाही," मामा म्हणाले. "आणि ही बिचारी वाट बघतात."

तिनं सगळं समजावलं. मामांनी उरलेला पाव खिशात घातला. नियमासाठी आयुष्यभर भांडलेला माणूस. सगळा प्वेब्लो हसणार होता. डेल्फिनाला क्षणभर वाटलं, बोलले नसते तर बरं झालं असतं. पण वॉरननंही पाहिलं होतं, आणि बाटलीला मामा-भाची कळत नाही.

दुसऱ्या दिवसापासून पाव बंद. पहिल्या दिवशी बदकं मामांच्या मागे पार्किंगपर्यंत चालत आली, मग कंटाळून निघून गेली. डेल्फिनानं पुन्हा बाटल्या भरल्या. जंतू खूप उतरले. ओंजळीच्या मर्यादेपेक्षा मात्र अजून वरच होते, आणि आता खांबाच्या दोन्ही बाजूंना आकडा सारखाच येत होता. तो आकडा वॉरननं स्वतःच्या सहीनं लिहून दिला.

सुनावणीला शहराचा वकील बदकांचाच विषय घेऊन उभा राहिला. बातमी पोचली होती. डेल्फिना उत्तराला उठणार, तोच मामांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"बदकं माझी होती," ते म्हणाले. "मी माझी घाण थांबवली, साहेब. आता उरलीय ती तुमची."

वकील कागद चाळत राहिला. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि मामांना अगदी आदरानं विचारलं की त्यांना आणखी काही सांगायचंय का.

"हो," मामा म्हणाले. "बाहेर माझ्या जीपमागे कुणीतरी पांढरी गाडी लावलीय. तेवढी काढायला सांगा."