गिरणी रस्त्यावर दोष नाही

जरा डोळ्यांपुढे आणून बघ. तू दहा वर्षांची आहेस. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आहेत आणि एप्रिल लागलाय. हिवाळाभर दगडासारखी कडक झालेली जमीन आता आतून सुटायला लागली आहे. अशा दिवसांत आमच्या लुंडसेले गावाचे रस्ते कॉफीत बुडवलेल्या टोस्टसारखे होतात. वरून बघावं तर धड दिसतात, पाय ठेवावा तर खचतात. तू शाळेतून घरी येतेस आणि बघतेस, तर आजोबांच्या हिरव्या सायकलला आईनं दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधली आहे. चिठ्ठीवर किंमत लिहिली आहे.

आलं डोळ्यांपुढे? मग आता तुझ्या जागी टिल्डाला उभं कर, कारण हे सगळं तिच्या बाबतीत झालं.

टिल्डाचे आजोबा, म्हणजे आईचे बाबा, फोल्के, मंगळवारी सकाळी तळ्यावरून मासे घेऊन येत होते. गिरणीच्या वळणावर ते सायकलवरून पडले. मनगट मुरगळलं, गुडघा सोलवटला, मासे रस्ताभर झाले. वळणावर मोठा खड्डा होता, असं त्यांनी घरी येऊन सांगितलं. आई दुपारी मुद्दाम गाडी घेऊन बघून आली. वळणावर रस्ता सपाट होता, नीट डांबर घातलेला. मग आईनं पालिकेत काम करणाऱ्या आपल्या धाकट्या बहिणीला, लोविसाला, फोन केला. लोविसा मावशीनं रस्त्याच्या तपासणीचा कागद काढून वाचून दाखवला. गिरणी रस्ता, मंगळवार, दोष नाही.

संपलं. दोघी बहिणींचं एकमत झालं की बाबांची नजर आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, आणि तोलही नाही. शनिवारी चर्चच्या अंगणात जुन्या वस्तूंचा बाजार भरायचा होता, त्यात सायकल जाईल. तळ्यावर जायचंच असेल तर बाबांना गाडीतून सोडू. आजोबांचं म्हणणं असं होतं की दुसऱ्याच्या गाडीतून मासे धरायला जाणारा माणूस मासे धरत नाही, घड्याळ बघत बसतो.

मंगळवारी आजोबा भांडले. बुधवारी त्यांनी तो खड्डा केवढा होता ते हातांनी दाखवलं, पण दाखवताना हात जरा जवळ आले. गुरुवारी सकाळी मात्र ते खिडकीशी बसून टिल्डाला म्हणाले, "कागदावर नाही म्हणजे नसेलही गं. मीच कुठेतरी बघत असेन."

टिल्डाला सायकल जाण्यापेक्षा या बोलण्याचं जास्त वाईट वाटलं. आजोबा असे मऊ पडून कधी बोलत नसत.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे फार जुना कायदा आहे: सरकारी कचेरीतला कागद कुणालाही बघता येतो. मोठ्या माणसालाच असं नाही, कुणालाही. आणि कागद मागणाऱ्याला तू कोण, तुला कशाला हवा, हे विचारायचं नाही. टिल्डाला हे शाळेत बाईंनी शिकवलं होतं. तेव्हा तिला ते कंटाळवाणं वाटलं होतं. गुरुवारी शाळा सुटल्यावर मात्र ती तडक पालिकेत गेली.

काउंटरमागे कोण? लोविसा मावशी.

लोविसा मावशी म्हणजे गावातली सगळ्यात चौकस बाई. रविवारी कॉफीला आली की दालचिनीचा बन संपायच्या आत शेजारच्या सुनेचं बाळंतपण कधी, कुणाचं कुणाशी बिनसलंय आणि कुणी पडदे का बदलले, हे सगळं तिच्याकडे जमा झालेलं असायचं. अशा बाईला देवानं नेमकी अशी नोकरी दिली होती, जिथं 'कशाला' हा शब्द तोंडातून काढायची बंदी. आठवडाभर तो शब्द ती गिळायची आणि रविवारी सगळे 'कशाला' भरून काढायची.

टिल्डानं टोकन घेतलं. रांगेत दुसरं कुणीही नव्हतं, तरी आपला आकडा वर लागेपर्यंत ती खुर्चीवर बसून राहिली. मग काउंटरशी जाऊन म्हणाली, "मला गिरणी रस्त्याचे कागद बघायचेत. मंगळवारचे."

"कशा..." मावशीनं तोंड उघडलं आणि तसंच राहू दिलं. मग घसा साफ करून म्हणाली, "कशा प्रकारचे कागद?"

"तपासणीचे."

"आपलं नाव सांगायची गरज नाही," मावशी म्हणाली. तिला सवय होती त्याच सुरात म्हणाली, पण म्हणताना भाचीकडे अशी बघत होती की जणू नाव तेवढं माहीत आहे, बाकी सगळं सांग.

"मला माहितेय," टिल्डा म्हणाली.

मावशी कागद आणायला आत गेली, परत आली, कागद विसरला म्हणून पुन्हा आत गेली. तिनं टिल्डाला सांगून पाहिलं की बाहेर हवा छान पडली आहे. टिल्डा हो म्हणाली. मग मावशी म्हणाली की अशा हवेत मुलं बहुतेक खेळायला जातात. टिल्डा म्हणाली, काही जातात. मावशीनं शेवटी कागद काउंटरवर ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिली, प्रश्न बाहेर निसटू नयेत म्हणून.

कागदावर तेच होतं. गिरणी रस्ता, मंगळवार, दोष नाही. खाली रस्ते तपासणाऱ्या स्टूरेची सही. टिल्डानं ते वाचलं, बोट फिरवून पुन्हा वाचलं.

मावशीला आता सगळं समजलं होतं. समजायला असं कितीसं होतं? भाची कुणासाठी आलीय, कागदात काय शोधतेय, आणि ते तिथं नाही हेही. पण मधे काउंटर होता. काउंटरमागे असताना ती मावशी नव्हती. ती फक्त पेन्सिलीचं टोक बघत राहिली.

टिल्डा मात्र वाचतच राहिली, आणि म्हणून तिला कोपऱ्यात लिहिलेली वेळ दिसली. तपासणी साडेनऊला झाली होती. आजोबा पडले तेव्हा चर्चची आठची घंटा वाजत होती. त्यांनीच सांगितलं होतं, पडल्या पडल्या आडवे असताना घंटा फार मोठी ऐकू येते म्हणून.

ती विचार करू लागली. तिनं विचार कसा केला तो बघ हं, कारण गोष्टीतली खरी हुशारी इथं आहे. तिनं कागद खोटा आहे असं म्हटलं नाही. आजोबा खोटे आहेत असंही म्हटलं नाही. दोघंही खरं बोलत असतील तर मधल्या वेळात काय झालं असेल, एवढंच तिनं स्वतःला विचारलं.

"रस्ता बघितल्याचा कागद हा," ती म्हणाली. "रस्त्याला काही केलं असेल, तर त्याचा वेगळा कागद असतो का?"

दुरुस्तीच्या नोंदी वेगळ्या कपाटात असतात, हे लोविसा मावशीला वर्षानुवर्षं माहीत होतं. फोनवर बहिणीला वाचून दाखवताना ते कपाट उघडावं असं तिला सुचलंच नव्हतं. बहिणीनं तपासणीचं विचारलं, तिनं तपासणीचं सांगितलं.

ती कपाटाशी गेली. पाठ टिल्डाकडे होती, पण टिल्डाला मावशीचे कान दिसत होते. ते हळूहळू लाल झाले.

मावशीनं आणलेल्या कागदावर लिहिलं होतं: गिरणी रस्ता, वळण, मंगळवार, पावणेनऊ. खड्डा, मोठा. डांबरखडीनं बुजवला. सही, तीच. स्टूरे.

तेवढ्यात तीन वाजले. तीन वाजता आमच्याकडे कचेरी कॉफीला थांबते, मग समोर आग का लागलेली असेना. मावशीनं काउंटरवर 'बंद' अशी पाटी ठेवली, बाजूची फळी उचलून बाहेर आली आणि टिल्डाच्या शेजारच्या खुर्चीत धपकन बसली.

"आता मी मावशी," ती म्हणाली. "आता बोल, कार्टे."

पण बोलायची वेळ आली नाही, कारण कॉफीच्या वासामागून स्वतः स्टूरेच आत आला. पिवळं जाकीट, हाताला डांबराचा वास, एका हातात बन. टिल्डानं उठून त्याला विचारलं, की स्टूरेकाका, पावणेनऊला खड्डा होता तर साडेनऊला दोष नाही असं कसं लिहिलंत?

स्टूरेला त्यात अवघड काही दिसलं नाही. "साडेनऊला नव्हताच की," तो म्हणाला. मग खुर्ची ओढून त्यानं नीट समजावलं. आधी तपासलं तर दोष लिहावा लागतो. दोष लिहिला की त्याचा एक कागद होतो, तो दुरुस्त करायचा ठरल्याचा दुसरा, दुरुस्त केल्याचा तिसरा, आणि परत जाऊन बघितल्याचा चौथा. म्हणून तो आधी बुजवतो, मग तपासतो. एक अक्षर खोटं नाही, आणि रस्ताही त्याच दिवशी चांगला. त्याच्या रस्त्यांवर कितीतरी वर्षांत एकही दोष सापडलेला नव्हता. दर नाताळात कचेरी त्याला त्याबद्दल केक द्यायची.

"त्या खड्ड्यात माझे बाबा पडले, स्टूरे," लोविसा मावशी म्हणाली.

स्टूरेनं बन खाली ठेवला. "तरीच," तो म्हणाला. "खड्ड्यात पाणी होतं आणि पाण्यात एक मासा होता. मी म्हटलं, आता खड्ड्यांत मासे राहायला लागले, इथवर वेळ आली."

"मासा बघूनही तू दोष लिहिला नाहीस?"

"मासा बाहेर काढला, मग बुजवला, मग तपासला."

मावशी हसायला लागली ती थांबेना. टिल्डा हसली नाही. तिला तो कागद हवा होता. मावशीनं डोळे पुसत त्याची प्रत काढून दिली आणि आपण होऊन वर पालिकेचा शिक्का मारला. त्याची काही गरज नव्हती, पण तिला काहीतरी मारायचं होतं.

घरी टिल्डानं स्टूरेचं आणि माशाचं सगळं सांगितलं. आईनं तो कागद उभ्यानं वाचला, मग बसून वाचला. आजोबा खिडकीशीच होते. आईनं कात्री घेतली, अंगणात गेली आणि सायकलची चिठ्ठी कापून आली.

"म्हणजे मी म्हातारा झालो नाही," आजोबा म्हणाले. आवाज पुन्हा नेहमीसारखा, जरासा भांडकुदळ.

"म्हातारे झालाच आहात, बाबा," आई म्हणाली. "पण खड्डा होता. मी तुमचं ऐकायला हवं होतं."

आजोबांनी मान हलवली आणि त्या माशाचं स्टूरेनं पुढं काय केलं, एवढंच विचारलं.

सगळं इथं गोड व्हायला हरकत नव्हती. पण आईनं सायकलच्या कुलपाची किल्ली मात्र एप्रनच्या खिशात टाकली. जेवताना ती म्हणाली की मनगट बरं होईपर्यंत किल्ली तिच्याकडेच राहील आणि नंतरचं नंतर बघू. या वेळी खड्डा होता, हे कळलं. पण तळ्यापर्यंतच्या रस्त्यावर अजून कुठे काय खचलंय ते कुणाला ठाऊक? स्टूरे जोवर आधी बुजवून मग तपासतो, तोवर कागद नेहमी म्हणणार, दोष नाही. कुठून जाऊ नये हे बाबांना कुणी सांगायचं? त्यांना पुन्हा पडलेलं बघायची तिची तयारी नव्हती. आई बरोबर होती, हे आजोबांनाही कळत होतं. टिल्डानं बटाटा काट्यानं ताटभर फिरवला.

पुढच्या मंगळवारी सकाळी, स्टूरेचा ट्रक गॅरेजमधून निघायच्या आत, टिल्डा रबरी बूट घालून गिरणीच्या वळणाशी गेली. खिशात शाळेतले पिवळे खडू होते. तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक भेग दिसली, तशी ती उकिडवी बसली, भेगेभोवती मोठा गोल काढला आणि आत तारीख घातली. पुढे पाणी साचलेलं दिसलं, तिथं काठी बुडवून बघितली आणि त्याच्याभोवतीही गोल काढला. तळं दिसायला लागलं तेव्हा मागून ट्रकचा आवाज आला. स्टूरेनं ट्रक थांबवला, खाली उतरला आणि पिवळ्या गोलांची लांबच लांब रांग बघत डोकं खाजवत उभा राहिला. टिल्डानं खडू झटकला, रस्त्याच्या कडेला झाली आणि तपासणीच्या कागदावर 'दोष' लिहायला त्याला आपलं पेन दिलं.